शेवटचा फिशपाँड

कॉलेजात तुम्हाला कुठला फिशपाँड पडला होता? परवा ऑफिसात लंचला हा विषय निघाला आणि एरवी अप्रेझलशिवाय काही न बोलणारी आमची टीम सॉलिड सुटली! मी मात्र गप्प. कारण मला पडलेला आठवत नाही, मी टाकलेला आठवतो.

डिग्री युनिव्हर्सिटी देते, पण ती कधी? रिझल्ट, मग काही महिन्यांनी पदवीदान. तोवर निम्मी बॅच बेंगळुरूला, उरलेल्यांचं सर्टिफिकेट पोस्टाने घरी. म्हणजे खरं ग्रॅज्युएशन सेंड-ऑफच्या संध्याकाळीच होतं. मुलींच्या अंगावर आईची साडी, मुलांच्या गळ्यात कुणाकडून तरी मागून आणलेला टाय. पवईच्या आयआयटीत होस्टेलवाल्यांची 'व्हॅल्फी' असते, आमच्या पुण्याच्या साध्या कॉलेजात फिशपाँड. आठवडाभर आधी पॅसेजमध्ये खोका ठेवायचा, त्यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, ज्युनिअर्सनी सेन्सॉर करायच्या (म्हणे!) आणि ज्याला पडला त्याला स्टेजवर बोलावून, वाचून दाखवून चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची. खाली नाव लिहायची सक्ती असती तर निम्मा खोका रिकामाच राहिला असता.

आमच्या वर्गात एक जण होता, गावाकडून आलेला. प्रत्येक प्रॅक्टिकलला तोच निळा चौकड्यांचा शर्ट. मी त्या शर्टावर दोन ओळी पाडल्या. हॉल कोसळला. तोही हसला, चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. त्याच शर्टाच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी टर्म संपली. सगळे पांढरे शर्ट घालून आलेले, पाठीवर स्केचपेनने सह्या, फोन नंबर, चावट कॉमेंट्स. तो चौकड्यांच्या शर्टातच आला. माझ्यासमोर बाही धरली आणि म्हणाला, "लिही की. अक्षर ओळखतो मी तुझं, चार वर्षं जर्नल तुझंच बघून उतरवलंय."

मी लिहिलं, 'ऑल द बेस्ट'. सॉरी लिहायला जागा होती, पण हातच उठला नाही.

माझी मामेबहीण 2020 च्या बॅचची. मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली, सेंड-ऑफची साडी इस्त्री करून तशीच कपाटात राहिली. त्या ऑगस्टमध्ये आयआयटी बॉम्बेने पदवीदान व्हर्च्युअल केलं, विद्यार्थ्यांच्या कार्टूनसारख्या अवतारांनी स्टेजवर जाऊन डिग्री घेतली. फंडा भारी होता, पण ही वैतागून म्हणाली, "दादा, अवताराच्या शर्टावर सही कुठे करणार?" तिला माझी गोष्ट सांगितली, तर तिने सरळ विचारलं, "मग नंतर तरी बोललास का त्याच्याशी?"

गेल्या महिन्यात बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याने एक फोटो टाकला. निळे चौकडे, बाहीवर माझं अक्षर. खाली पंचवीस स्मायली. मी ग्रुपवर काही टाकलं नाही. त्याचा नंबर वेगळा सेव्ह केला आणि रात्री नऊला फोन लावला. "बोल की," तो म्हणाला. मी आधी शर्टाचंच बोललो.