संगणकाचे ठोके वाढवताना

घरच्या संगणकाचा वेग फुकटात वाढवता येतो, हे कळल्यावर कॉलेजात जाणाऱ्या मुलांना स्वस्थ बसवत नाही. बायोसमध्ये शिरायचे, दोन-चार आकडे बदलायचे आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. पडद्यावर विंडोज उघडले की काम फत्ते! याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्यात वावगे काही नाही. पण चालत दवाखान्यात आलेला प्रत्येक माणूस जसा ठणठणीत नसतो, तसा सुरू झालेला प्रत्येक संगणक ठणठणीत नसतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या हवेत तर हा फरक विशेष लक्षात ठेवावा लागतो.

प्रोसेसरचे सगळे काम एका घड्याळाच्या ठोक्यांवर चालते. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांना ‘पेंटियमचे जनक’ म्हटले जाते. तो पेंटियम १९९३ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याचा वेग ६० ते ६६ मेगाहर्ट्झ होता, म्हणजे सेकंदाला सहा-साडेसहा कोटी ठोके. आजचे प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला ५०० कोटी ठोक्यांपर्यंत जातात. एका ठोक्याला मिळणारा वेळ एवढा थोडा, की त्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. तेवढ्यात विजेचा संकेत पोहोचून स्थिरावला पाहिजे.

हृदयाचेही असेच असते. मिनिटाला ७२ ठोके असताना प्रत्येक ठोक्याला सुमारे ०.८ सेकंद मिळतो आणि त्यातला बराचसा वेळ हृदय सैल होऊन रक्ताने भरण्यात जातो. ठोके फार वाढले की भरायलाच वेळ उरत नाही. धडधड वाढते, पण पुढे जाणारे रक्त कमी होते. प्रोसेसरला अतिवेगात पळवले की संकेत स्थिरावण्याआधीच पुढचा ठोका पडतो आणि उत्तर चुकते.

यावर उपाय म्हणून व्होल्टेज वाढवले जाते. त्याने संकेत लवकर पोहोचतो, पण किंमत मोजावी लागते. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर १०० वॅटचे साधारण १३३ वॅट होतात. वेगाचा लाभ दहा टक्के, उष्णता मात्र तेहतीस टक्के! शिवाय जादा व्होल्टेजने चिप लवकर झिजते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केले आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

आता नगरचा उन्हाळा. पंखा असो की पाण्याचे कूलिंग, दोन्ही चिपची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात. हवेपेक्षा चिप थंड करू शकत नाहीत. समजा, पूर्ण भार असताना एखादा प्रोसेसर खोलीपेक्षा ६० अंशांनी अधिक तापतो. डिसेंबरात खोली २० अंशांवर असेल तर तो ८० अंशांवर राहील. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ४० अंश असतील, तर तोच १०० अंशांवर जाईल. या टप्प्याच्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग आपोआप कमी करतात, म्हणजे सगळा खटाटोप वाया. त्यात कूलरच्या पात्यांत धूळ बसली की आणखी भर.

रॅमचे दुखणे याहून छुपे असते. रॅममधली माहिती अतिसूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभाराच्या रूपात असते आणि हा भार सतत गळत असतो. म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरला जातो. चिप ८५ अंशांपुढे तापली, तर हेच काम दुप्पट वेळा करावे लागते. वेग वाढवताना रॅमच्या या वेळा ताणल्या किंवा आखडल्या, तर थंडीत टिकणारी माहिती उन्हाळ्यात टिकेलच असे नाही. खोक्यावर छापलेला एक्सएमपीचा वेगसुद्धा अनेकदा मूळ प्रमाणापेक्षा वरचा असतो.

प्रोसेसर चुकला तर बहुधा संगणक गोठतो, निदान कळते तरी. रॅममधला एखादा बिट उलटला तर काहीच होत नाही. फक्त एखादा फोटो बिघडतो किंवा हिशेबातला आकडा बदलतो आणि तीच चुकीची प्रत जपून ठेवली जाते. २००३ मध्ये बेल्जियममधील एका निवडणुकीत एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त मिळाल्याचे दिसले. ती मिळणे शक्यच नसल्याने चूक उघडी पडली. एकच बिट उलटला असावा, असे तज्ज्ञांचे मत पडले. कारण बारा वेळा दुप्पट केले की एकाचे नेमके ४,०९६ होतात.

म्हणून चाचणी हवीच, आणि ती हृदयरोग्याच्या ट्रेडमिल चाचणीसारखी, ताण देऊनच. आधी महत्त्वाच्या फायली वेगळ्या डिस्कवर काढून ठेवाव्यात. मूळ सेटिंगवर मेमटेस्ट ८६ चालवून रॅम निर्दोष असल्याची खात्री करावी. मग एका वेळी एकच आकडा बदलावा, वहीत लिहावा आणि पुन्हा चाचणी घ्यावी. शेवटी रॅमची चाचणी रात्रभर आणि प्रोसेसरसाठी प्राइम ९५ सारखी चाचणी काही तास चालू द्यावी. एक जरी चूक निघाली तरी ते सेटिंग नापास समजावे; ‘एवढी चालते’ हा नियम इथे नाही. सगळे उत्तीर्ण झाल्यावरही एक पायरी खाली यावे आणि एप्रिल-मेच्या दुपारी हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. यूपीएसही तपासावा; ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो.

खेळासाठी असलेल्या संगणकावर हे प्रयोग खुशाल करावेत, शिकायलाही मिळते. पण दुकानाचा हिशेब, सोसायटीचे दप्तर, प्रबंध किंवा रुग्णांच्या नोंदी ज्या संगणकावर आहेत, त्याचे ठोके कंपनीने ठरवले तेवढेच राहू द्यावेत. तिथे दहा टक्के वेगापेक्षा बरोबर उत्तर मोलाचे.