‘मूळचे तुम्ही कोण?’

मुलगी शिकलेली, कामाला चलाख. मुलगा नोकरीचा. दोन्ही घरं ख्रिस्ती, उपासनेला एकाच देवळात बसणारी. सगळं जुळत आलेलं असतं आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता कुणीतरी हळूच विचारतं, ‘‘पण मूळचे तुम्ही कोण?’’

साताऱ्यात काय नि सांगली-मिरजेत काय, हा प्रश्न ख्रिस्ती बैठकीतही येतो. मैत्रिणींनो, तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, यातला काटा तुम्हांला अनोळखी नाही!

‘ख्रिस्ती झालं की जात गेली’ असं आपण सहज म्हणतो. कायदाही तसंच धरून चालतो. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं दलितांतून ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. पण गावानं त्यांची जात विसरली का? नाही. आणि दुःखाची गोष्ट ही, की कधीकधी त्यांच्याच मंडळीतले लोकही ती विसरत नाहीत.

याला इतिहास आहे. साताऱ्याकडं अमेरिकन मराठी मिशननं काम केलं, सांगली-मिरजेकडं अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशननं. या मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून पुष्कळ माणसं आली, थोडी इतर जातींतूनही आली. देवळात सगळी एका सतरंजीवर बसली, पण घरी जाताना जो तो आपापल्या जुन्या उंबऱ्यातून आत गेला. नवा धर्म घेता येतो हो, पण स्वयंपाकघराची सवय एका दिवसात जात नाही.

हे कुणी सगळ्यांत प्रामाणिकपणे सांगितलं असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांनी. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पुढं त्या पतीजवळ राहायला आल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. पाणी वेगळं, चूल वेगळी. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. मग राहुरीच्या मुक्कामात लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला, की जात देवानं केली की माणसानं? उत्तर मिळालं आणि त्यांनी शिवाशीव सोडली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे बघा, आधी मनातली जात गेली, मग धर्म बदलला. ‘स्मृतिचित्रे’त हे सारं त्यांनी हसत हसत सांगितलं आहे. पुढं त्यांच्या घरी बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले. ते हिंदूच होते आणि हिंदूच राहिले.

याच टिळकांचे अखेरचे दिवस साताऱ्याशी जोडलेले आहेत. १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून ते साताऱ्याला आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणारा बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्याला तिथं जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ साली टिळक गेले आणि दरबाराचा आधारच गेला. पण ‘आत कोण आणि बाहेर कोण’ हे ठरवण्याची घाई करू नये, ही शिकवण आजही तितकीच ताजी आहे.

पुढं पंथही जवळ आले. १९२४ साली प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली. कागदावर हे झालं, फार चांगलं झालं. पण कागदाची एकी ताटात कोण वाढणार? ते काम आपलंच!

मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशनचं रुग्णालय उभं केलं. जखम धुणाऱ्या हाताची जात विचारायला दुखणाइताला सवड नसते. मग बरं होऊन घरी आल्यावर ती का आठवावी?

करायचं काय, तर साध्याच गोष्टी. महिला मंडळाची सभा नेहमीच्या दोन-चार मोठ्या घरांत न भरवता पाळीपाळीनं सगळ्यांकडं भरवा, वस्तीतल्या एका खोलीच्या घरीसुद्धा. आणि तिथला चहा ‘आत्ताच घेतला’ म्हणून टाळू नका. टाळणं समोरच्या बाईला बरोबर कळतं. नाताळचा फराळ नुसता पाठवू नका, त्यांच्याकडच्या करंज्याही घरात सगळ्यांसमोर खा. मुलं तेच बघून शिकतात. सून कॅथलिक घरातून आली तर तिची जपमाळ तिच्यापाशी राहू द्या. प्रार्थना एकाच देवाची आहे.

तुम्ही हिंदू घरातल्या असाल तर एकदा आपल्या फडताळात डोकवा. ख्रिस्ती नर्सबाईंसाठी किंवा शिक्षिकेसाठी निराळा कप ठेवलेला नाही ना?

आणि स्थळ बघताना प्रश्न जरूर विचारा. मुलाला व्यसन आहे का? सुनेला पुढं शिकू देणार का? तिचा पगार तिच्या हातात राहील का? लेकीचं सुख या उत्तरांवर आहे. ‘मूळचे कोण’ याच्या उत्तरानं कुणाचाही संसार आजवर सुखाचा झालेला नाही.