सोनोग्राफी यंत्रातले ‘निम्मे-निम्मे’ गणित

मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत रुग्णालयातील सोनोग्राफी कक्षाचा एसी पाहून बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना वाटते, ‘माणसं उकाड्यात आणि यंत्र गारव्यात!’ पण हा गारवा यंत्रातील सिलिकॉनच्या चिपलाही हवा असतो. कारण तिथे वेळेचा हिशेब सेकंदाच्या अब्जाव्या भागात, म्हणजे नॅनोसेकंदांत चालतो.

सोनोग्राफीत प्रोबमधून माणसाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात जातो. त्याची कंपने साधारणपणे सेकंदाला २० लाख ते दीड कोटी असतात. आतील अवयवांवर आपटून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटते. ध्वनी शरीरातून जाताना थोडा बदलतो आणि त्यात मूळच्या दुप्पट कंपनांचा ध्वनीही तयार होतो. २० लाख कंपने पाठवायची आणि परत येणारी ४० लाख तेवढी ऐकायची, या युक्तीला ‘हार्मोनिक इमेजिंग’ म्हणतात. स्थूल रुग्णात किंवा पित्ताशय तपासताना चित्रावरचा धूसरपणा त्यामुळे कमी होतो.

अट एकच

यंत्राने पाठवलेल्या ध्वनीत दुप्पट कंपने आधीच मिसळलेली नसावीत. चालू-बंद होणाऱ्या विद्युत संकेतात ‘चालू’ आणि ‘बंद’ यांचा वेळ तंतोतंत सारखा असेल, तर त्यात दुप्पट कंपने नसतात. हे गणिताने सिद्ध आहे. सेकंदाला २० लाख कंपने असताना एका फेऱ्याला ५०० नॅनोसेकंद मिळतात. २५० चालू, २५० बंद. ही वाटणी २६० आणि २४० झाली, तर दुप्पट कंपनांचा अंश मूळ कंपनांच्या सुमारे सहा टक्के होतो. शरीरातून येणारा खरा प्रतिध्वनी मुळातच दुबळा. यंत्र स्वतःचाच आवाज त्यात मिसळते, आणि पित्ताशयातील स्वच्छ, काळ्या दिसायला हव्या त्या पित्तात करडी झाक येऊ शकते. ती गाळ समजली गेली, तर रुग्णाच्या मागे नसती काळजी लागते.

वाटणी बिघडते कुठे?

चिपमध्ये संकेत दूरवर पोहोचवण्यासाठी वाटेत ‘बफर’ नावाचे छोटे परिपथ असतात. दुबळा झालेला संकेत घ्यायचा, जोरकस करून पुढे द्यायचा, हे त्यांचे काम. समजा, शेतीपंपाला बारा तास वीज आणि बारा तास बंद असे वेळापत्रक आहे. वाटेतल्या प्रत्येक उपकेंद्रात वीज चालू करायला दहा मिनिटे जास्त लागतात, बंद मात्र झटक्यात होते. पाच उपकेंद्रांनंतर शेतकऱ्याच्या वाट्याला अकरा तास दहा मिनिटेच उरतात. दिवस चोवीस तासांचाच राहिला, वाटणी तेवढी बिघडली.

बफरमध्येही असेच घडते. संकेत वर नेणारा आणि खाली आणणारा ट्रान्झिस्टर वेगवेगळा असतो. खाली आणणाऱ्यात इलेक्ट्रॉन धावतात. वर नेणाऱ्यात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे ‘होल’, सरकतात. सिलिकॉनमध्ये होलची चाल इलेक्ट्रॉनच्या साधारण निम्मी ते एक तृतीयांश असते. म्हणून वर नेणारा ट्रान्झिस्टर त्या प्रमाणात रुंद बनवतात. तरीही घडणीतला बारीक फरक आणि व्होल्टेजचा चढउतार तोल ढळवतात. त्यात उष्णतेची भर. तापलेल्या सिलिकॉनमधील अणू जास्त थरथरतात, धावणाऱ्यांना अडवतात, आणि दोघांची चाल सारख्या प्रमाणात मंदावत नाही.

दुरुस्ती शरीरासारखी

चिपमध्येच यावर इलाज असतो. निम्मा वेळ चालू असलेल्या संकेताचे सरासरी व्होल्टेज पुरवठ्याच्या बरोबर निम्मे येते. ५ व्होल्ट असेल तर अडीच. एक छोटा परिपथ ही सरासरी सतत मोजतो. ती वाढली, तर बफरची वर नेणारी बाजू थोडी ढिली करतो; घटली, तर जोर वाढवतो. मानेतल्या रोहिणीतील संवेदक रक्तदाब ओळखून हृदयाची गती कमी-जास्त करायला लावतात, तसेच हे. दुसरा उपाय आणखी सोपा आहे. दुप्पट वेगाचे ठोके घ्यायचे आणि ठोक्याच्या फक्त चढत्या कडेला स्थिती पालटायची. मग चालू आणि बंद दोन्ही काळ आपोआप समान होतात. किंमत एवढीच, की वेग निम्मा होतो. मोबाइल आणि संगणकाच्या मेमरीतही हीच काळजी घ्यावी लागते, कारण तिथे ठोक्याच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती जाते. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘डीडीआर-५’ मेमरीच्या मानकात तर वाटणी जुळवून घेण्याची सोयच दिलेली आहे.

अर्थात, आपोआप दुरुस्तीलाही मर्यादा आहे. निर्मात्याने ठरवलेल्या तापमानापलीकडे तिची हमी नसते. खान्देशात उन्हाबरोबर धूळही आहे. यंत्राच्या झरोक्यांवरील जाळी धुळीने बुजली, की एसी असूनही आतला भाग तापतो. म्हणून जाळीची नियमित सफाई आणि ठरलेल्या मुदतीत यंत्राची तपासणी हा रुग्णसेवेचाच भाग मानला पाहिजे.

रुग्णाच्या हातातही काही आहे. पित्ताशयाच्या तपासणीला सहा ते आठ तास उपाशीपोटी जावे. चहा-नाश्ता करून गेल्यास पित्ताशय आकसते आणि आतले खडे नीट दिसत नाहीत. चिपमधले नॅनोसेकंद कितीही अचूक असले, तरी आकसलेले पित्ताशय कोणताही परिपथ फुगवून दाखवू शकत नाही.