मतदारसंघांची आंखणी

मत देण्याचा अधिकार मिळाला म्हणजे त्या मतास वजनहि आलें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती सर्वस्वी खरी नव्हे, हें अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया संस्थानाच्या उदाहरणावरून दाखवितां येईल.

अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेंत ४३५ सभासद असतात. दर दहा वर्षांनीं शिरगणती होऊन प्रत्येक संस्थानाच्या जागा ठरतात व मतदारसंघांच्या सीमा नव्यानें आंखल्या जातात. हें काम बहुतेक ठिकाणीं संस्थानाचें विधिमंडळच करितें. म्हणजे ज्या पक्षाचें तेथें बहुमत, त्याच्याच हातीं पेन्सिल!

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं असें समजावें कीं, एका वर्गांत १५ मुलें आहेत. ९ जणांस क्रिकेट हवें, ६ जणांस हुतूतू. पांचपांचांच्या तीन तुकड्या पाडून प्रत्येक तुकडीचें एक मत धरावयाचें. आतां एका तुकडींत पांचहि क्रिकेटवाले कोंबले, व उरलेल्या दोहोंत दोन-दोन क्रिकेटवाले आणि तीन-तीन हुतूतूवाले ठेविले, तर दोन तुकड्या हुतूतूच्या होतात. कोणाचें मत हिरावलें नाहीं, खोटें मत पडलें नाहीं, तरी सहांनीं नवांस जिंकलें.

१८१२ मध्यें मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनीं अशाच एका आंखणीस संमति दिली. तींतील एक मतदारसंघ सॅलॅमंडर या पालीसारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसे; त्यावरून या युक्तीस 'गेरीमँडर' हें थट्टेचें नांव पडलें.

पेनसिल्व्हानियांत २०११ सालीं रिपब्लिकन पक्षाच्या विधिमंडळानें नकाशा केला. २०१२ मध्यें डेमोक्रॅटिक पक्षास एकंदर मतें किंचित् अधिक पडूनहि १८ पैकीं ५ च जागा मिळाल्या. पुढें २०१४ व २०१६ मध्यें रिपब्लिकनांच्या मतांचें प्रमाण बरेंच वाढलें, पण जागा १३ आणि ५ च राहिल्या! मतें हलतात आणि जागा हलत नाहींत, हेंच आम्हांस अधिक चिंताजनक वाटतें. या नकाशांतील सातवा मतदारसंघ इतका वेडावाकडा होता कीं, व्यंगचित्रांतील गूफी डोनाल्ड बदकास लाथ मारीत आहे, असें लोक म्हणत.

जानेवारी २०१८ मध्यें संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें हा नकाशा संस्थानाच्या राज्यघटनेविरुद्ध ठरविला. विधिमंडळ व गव्हर्नर यांचें एकमत होईना, तेव्हां फेब्रुवारींत न्यायालयानें स्वतःच नवा नकाशा दिला. त्या नोव्हेंबरांत दोन्ही पक्षांस ९-९ जागा मिळाल्या. अर्थात् त्या वर्षीं वारें डेमोक्रॅटांकडे वाहत होतें. सारें श्रेय नकाशास देणें न्यायाचें होणार नाहीं. शिवाय मेरीलँडमध्यें डेमोक्रॅटांनींहि हीच युक्ति योजिली होती.

२०१९ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, पक्षहितासाठीं केलेल्या आंखणीचे तंटे आपल्या मध्यवर्ती न्यायालयांच्या कक्षेबाहेरचे होत, असा निर्णय दिला. २०२० च्या शिरगणतीनंतर पेनसिल्व्हानियाच्या जागा १७ वर आल्या, आणि २०२२ चा नकाशाहि अखेर संस्थानाच्या न्यायालयासच निवडावा लागला. त्या नकाशावर २०२२ मध्यें डेमोक्रॅटांस ९ व रिपब्लिकनांस ८ जागा मिळाल्या. २०२४ मध्यें त्याच सीमांवर रिपब्लिकनांस १० व डेमोक्रॅटांस ७.