डोंगरावरची सरकती सावली

निसर्गचित्र काढावयाचें म्हणजे मनाजोगें ठिकाण गांठावें आणि समोर दिसेल तें कॅनव्हासवर उतरवावें, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु समोर जें दिसतें तें तासभरही तसेंच राहत नाहीं. सूर्य आकाशांत तासाला १५ अंश सरकतो. सकाळीं आठ वाजतां कड्याच्या ज्या अंगावर निळसर सावली होती, तेथें दहा वाजेपर्यंत लख्ख ऊन आलेलें असतें.

अमेरिकेच्या पश्चिम भागांत या अडचणीला तोंड देणारे अनेक नामांकित चित्रकार झाले. एडगर पेन (१८८३–१९४७) यानें सिएरा नेवाडा पर्वताचीं शिखरें व सरोवरें रंगविलीं आणि १९४१ सालीं उघड्यावरील चित्रांच्या रचनेवर ग्रंथही लिहिला. मेनार्ड डिक्सन (१८७५–१९४६) याचें मन ॲरिझोनाच्या वाळवंटांत रमलें. जॉर्जिया ओकीफ (१८८७–१९८६) ही न्यू मेक्सिकोंत मोटारींतच बसून चित्रें काढी. पुढील बैठक मागें वळविली, कीं मागच्या बैठकीवर टेकलेला कॅनव्हास तिच्यासमोर येई. असा प्रवास सुकर झाला तो एका साध्या वस्तूमुळें. १८४१ सालीं जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानें रंग भरण्याच्या कथलाच्या नळीचें पेटंट घेतलें. त्यापूर्वीं तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवींत बांधून ठेवीत.

वाळवंटांतील पहिला चकवा हवेचा असतो. दमट हवेंत दूरचे डोंगर निळे व फिकट दिसतात, म्हणून ‘दूरचें तें अंधुक’ असा नियम चित्रकार शिकलेला असतो. कोरड्या, स्वच्छ हवेंत दूरची रांगही जवळच्या टेकडीइतकी रेखीव दिसते आणि तो नियम तोकडा पडतो. अशा वेळीं सावल्या पाहाव्या. अंतर वाढेल तशा त्या आधीं निवळतात व निळ्या होतात. दूरच्या बर्फाचा शुभ्रपणा मात्र किंचित् पिवळा होतो. सावली काळी कधींच नसते. तिच्यावर आकाशाची निळाई आणि तापलेल्या वाळूचें परावर्तित तेज दोन्ही पडत असतात.

दुसरा चकवा कॅनव्हासवरील उन्हाचा. प्रखर उन्हांत रंग वाजवीपेक्षां उजळ भासतात, आणि तेंच चित्र घरीं आणल्यावर काळवंडलेलें दिसतें. म्हणून कॅनव्हास छत्रीच्या सावलींत ठेवतात.

तैलरंगाचा स्वभावही ओळखावा लागतो. जवसाचें तेल पाण्याप्रमाणें उडून वाळत नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून तें घट्ट होतें, आणि यास कित्येक दिवस लागतात. त्यामुळें ओल्या रंगांत रंग मिसळण्याची सोय होते. पण वाऱ्याबरोबर आलेली वाळूही त्याच ओल्या थरांत रुतून बसते.

यास्तव अनुभवी चित्रकार टर्पेंटाईनमध्यें पातळ केलेल्या रंगानें पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा आंखून टाकतो. पुढें सावली सरकली तरी तो तिच्या मागें धांवत नाहीं. जो धांवतो, त्याच्या चित्रांत एका कड्यावर सकाळ आणि दुसऱ्यावर दुपार उमटते. प्रत्येक रंग खरा, पण चित्र खोटें ठरतें. डोळ्यांसमोर पालटणाऱ्या दृश्यापैकीं कोणता क्षण ठेवावयाचा हें आधीं ठरविणें, आणि नंतर दिसणाऱ्या अधिक सुंदर प्रकाशालाही नकार देणें, हें उघड्यावरील चित्रकलेंतील सर्वांत अवघड काम होय.