भोकरदनची मूर्ती कुणाच्या दाताची?

जिभेचं टोक वरच्या दातांवरून फिरवा बरं. मधले दोन आणि त्यांच्या शेजारचे दोन, हे झाले पटाशीचे दात. आता समजा, त्या शेजारच्या दोघांनी वाढायचं थांबवलंच नाही तर? ओठ ओलांडून, हनुवटीच्याही खाली! हत्तीचं अगदी हेच होतं. आपण त्यांना सुळे म्हणतो खरं, पण ते असतात पटाशीचे दात.

हे आठवलं जालना जिल्ह्यातल्या भोकरदनमुळे. केळना नदीकाठचं हे गाव सातवाहनांच्या काळात भोगवर्धन नावाचं गजबजलेलं शहर होतं. १९७३ मध्ये इथे उत्खनन झालं, तेव्हा मातीतून हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली. गंमत बघा, तशाच घडणीची मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पॉम्पेई शहरात सापडली होती, इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली! ती भोकरदनच्याच कारागिरांनी घडवली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं.

मूर्ती सुंदरच. पण दात कुणाचा होता?

'खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे' ही म्हण हत्तीवरूनच आली. खायच्या दाढा झिजल्या की मागून नव्या सरकत पुढे येतात, आयुष्यात दाढांचे तब्बल सहा संच. दाखवायच्या दातांचं तसं नाही. मोठ्या हत्तीचा सुळा एकदा गेला की गेला. त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो. तो अख्खा हवा म्हणून चोरटे शिकारी हत्तीलाच मारतात. आपल्याकडच्या हत्तींमध्ये लांब सुळे फक्त नरांना, म्हणून मरतात तेही नरच. काही नरांना सुळे येतच नाहीत. त्यांना मखना म्हणतात.

आशियाई हत्ती आज धोक्यात आलेला प्राणी आहे. भारतात त्याच्या दातांच्या व्यापारावर १९८६ पासून बंदी आहे आणि १९९२ मध्ये त्याच्यासाठी 'हत्ती प्रकल्प' सुरू झाला. तरी त्याची जंगलं तुटत राहिली, वाटा अडत गेल्या. आपल्या राज्यात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून सिंधुदुर्गात हत्ती उतरले, २०२१ मध्ये छत्तीसगडमधून गडचिरोलीत कळप आला. केळी, माड, भात... समोर येईल ते फस्त! शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी येणारच. म्हणून भरपाई वेळेवर मिळणं हेसुद्धा हत्ती वाचवण्याचंच काम.

आणि हत्ती वाचवायचा कशाला? त्याच्या शेणाचा एक पो जवळून पाहिलात तर कळेल. आत फळांच्या न पचलेल्या बिया असतात, वर शेणकिडे खत कालवत असतात. पाऊस पडला की त्यातूनच रोपं वर येतात, मूळ झाडापासून बऱ्याच लांब.

भोकरदनच्या कारागिराने एका दाताची मूर्ती केली. तो दात ज्याचा, त्याने मात्र चालता चालता कितीतरी झाडं लावली असतील!