मुठीतही वाकणारे धनुष्य

गेल्या स्नेहसंमेलनातले एकलव्याचे नाटक ज्यांनी पाहिले, त्यांना दुसऱ्या अंकातला 'कडाड्' असा आवाज आठवत असेल. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या. त्यांना तो ध्वनियोजनेचा भाग वाटला. खरे म्हणजे एकलव्याचे धनुष्य मुठीपाशी मोडले होते, आणि दोष सर्वस्वी माझा होता. म्हणून हा खुलासा.

आमची कशेळी खाडीकाठची. आता तिथे गोदामेच फार. धनुष्याचे लाकूड कुठले मिळायला! पण वज्रेश्वरीजवळ मामांच्या शेताच्या बांधावर वादळात एक धामण पडली होती. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक. कुऱ्हाडीचे दांडे तिचे करतात. संस्कृतात तर तिला 'धनुर्वृक्ष' असेच नाव आहे. शेजारच्या पाड्यावरच्या एका वृद्ध कातकरी बाबांनी तिच्या सरळ रेषांच्या दोन फाळ्या काढून आढ्याला वाळत ठेवल्या होत्या. एकीचा तिरकामठा करून त्यांनी मला दिला. मूठ हाताला जाड वाटली, म्हणून मी घरी ती कानशीने खोलगट केली. ऑलिंपिकमधल्या धनुष्यांना असते ना, तशी!

चूक तिथेच झाली. त्या धनुष्यांची मूठ वेगळी आणि ताठ असते, वाकतात ती फक्त वरची-खालची पाती. तिरकामठा टोकापासून टोकापर्यंत एकच लाकूड. तो मुठीतही थोडा वाकतो. सगळी लांबी कामाला लागत असल्याने आखूड धनुष्यही पुरेसे ओढता येते. पण ओढताना सर्वांत जास्त भार मध्यावरच येतो. गटारावर टाकलेली फळी कुठे मोडते ते आठवा. म्हणून लाकूड मध्ये सर्वांत जाड, टोकांकडे उतरते हवे. शिवाय जाडी निम्मी केली तर ताठपणा निम्मा राहत नाही, एक अष्टमांश उरतो. (रुंदीचे तसे नाही, ती निम्मी केली तर ताठपणाही निम्माच होतो.) १५४५ मध्ये बुडालेले 'मेरी रोझ' हे इंग्लंडचे लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढले. त्यावरची शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली, तीही एकसंध लाकडाची, वेगळ्या मुठीवाचून.

दिवाळीच्या सुटीत तुकडे घेऊन बाबांकडे गेलो. रागावले नाहीत. आढ्यावरची दुसरी फाळी काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यानंतर धामण नव्हती. मला घाम फुटला.

सालीकडची बाजू निशाणाकडे ठेवायची आणि तिला हत्यार लावायचे नाही. ताण तिच्यावर येतो, तिथली एक रेषा तुटली की तिथूनच चीर जाते. तासायचे ते आपल्याकडच्या बाजूने. आधी कोयता, मग कानस, शेवटी फुटक्या काचेची धार. धनुष्य खुंटीवर आडवे टेकवून सैल दोरी वीतभर ओढायची आणि दूर उभे राहून वाक बघायचा. कमान परातीच्या कडेसारखी अखंड दिसली पाहिजे. एखादी जागा सरळ राहिली तर ती ताठ आहे. कोपरा दिसला तर ती अशक्त.

"जिथं वाकतंय तिथं हात लावू नको, पोरा. जिथं अडलंय तिथं तास," एवढेच बाबा सांगत. अशक्त जागी लाकूड परत चिकटवता येत नाही. बाकीचे तिच्या मानाने उतरवावे लागते, आणि धनुष्याचा जोर तेवढा कमी होतो. दर खेपेला थोडे खरवडायचे, वीसपंचवीस वेळा हलके ओढायचे, परत बघायचे. वाक सारखा झाल्याखेरीज पुढे ओढायचे नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या पात्यात कोपरा दिसू लागला. माझीच घाई. तो निस्तरण्यात जोर बराच गेला, पण धनुष्य वाचले. मुठीवर फक्त सुतळी गुंडाळली.

सध्या ते नाट्यमंडळाच्या कपाटात आहे. हाताळणाऱ्यांनी काम झाल्यावर दोरी उतरवून ठेवावी, आणि बाण न लावता ओढून सोडू नये. अशा फटक्याने चांगले धनुष्यही मोडते.